आम्ही फक्त चिकित्सा करतो

मास्तरांचे किस्से साठवू म्हटलं तर साठत नाहीत, आणि चार मास्तर एकत्र बसले की आवरत नाहीत! आमचं टोळकं चौघांचं. साताऱ्याचे माने सर, आष्ट्याचे चौगुले सर, मी इस्लामपूरचा आणि माझ्याच कॉलेजातल्या वैशाली मॅडम. विषय युरोपातलं राजकीय तत्त्वज्ञान. महिन्यातला एक रविवार उंब्रजला हायवेवरच्या हॉटेलात बसायचं आणि सत्तेची चिकित्सा करायची. आमच्यात मूळ पुस्तकं अख्खी वाचणाऱ्या मॅडम एकट्या, आणि पर्मनंट नसलेल्याही त्या एकट्याच.

*

माने सरांचा एक सिद्धांत आहे. आपण चिकित्सा करायची, पर्याय द्यायचा नाही. "'मग पर्याय काय?' हा प्रश्नच मुळात सत्तेचा असतो!"

एकदा मिसळ आली. सरांनी तर्री, फरसाण, पाव, सगळ्याची यथेच्छ चिरफाड केली. मालक बिचारा हात पुसत आला.

"आवं सर, मग दुसरं काय आणू?"

"ते सांगणं आमचं काम न्हाई!"

मालकानं मिसळ उचलून नेली आणि दुसरं काहीच आणलं नाही. सर उपाशी साताऱ्याला गेले, पण सिद्धांत मोडला नाही.

*

चौगुले सरांना वहिनी म्हणाल्या, "जरा भांडी घासू लागा की."

सर म्हणाले, "अगं, हा प्रश्न व्यक्तीचा नाही, स्ट्रक्चरचा आहे. मी एकट्यानं चार ताटं घासून स्ट्रक्चर बदलणार हाय व्हय?"

जेवायच्या वेळी सर हात धुऊन बसले. ताट काही येईना.

"वाढतीस ना गं?"

"स्ट्रक्चर वाढंल की! मी एकटी काय करणार?"

हे आम्हाला सरांनीच सांगितलं, आणि आम्ही हसलो म्हणून वर आमच्यावरच चिडले!

*

माझंही ऐका. वर्गात तावातावानं सांगत होतो, जिथं सगळ्यांचं एकमत, तिथं सत्ता लपलेली असते. अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या! माझं डोकंच फिरलं.

"माना काय हलवताय? विरोध करा की रं!"

बाहेरून एम.ए. करणारा एक फौजी सुट्टीत तासाला येऊन बसला होता. तो मागच्या बाकावरनं ताडकन उठला.

"करतो सर! फकस्त ऑर्डर द्या!"

*

यंदा आमच्या संस्थेनं मॅडमचा युरोपातल्या तत्त्वज्ञानाचा पेपर बंद करायचं ठरवलं. पेपर गेला की तास गेले, आणि तास गेले की नोकरीच गेली. बाईंनी तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षं घातलेली. मला खरंच लय वाईट वाटलं. मग ठरलं, चौघांनी मिळून चेअरमनना भेटायचं आणि पेपर वाचवायचा.

ऑफिसच्या बाहेरच्या जिन्याशी माने सर थबकले. "थांबा. विनंती करायची म्हणजे त्यांची सत्ता मान्य करणं आलं."

"मग मागणी करू," चौगुले सर म्हणाले.

"मागणीत तरी वेगळं काय हाय?"

मी म्हटलं, "निषेध?"

"गड्या, निषेध तर सत्तेला हवाच असतो! लोकशाही दिसते त्यात!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "सर, मी पुढं होते. तुम्ही या."

"आलोच!" आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो.

चर्चा फार चांगली रंगली होती. बऱ्याच वेळानं वरची खिडकी उघडली. चेअरमननी आम्हा तिघांना एकेक करून नीट न्याहाळलं आणि खिडकी लावून घेतली. थोड्या वेळात मॅडम खाली आल्या.

"पेपर राहिला. पुढच्या वर्षीपासून सगळ्या शाखांना कंपल्सरी!"

"काय सांगता! पटवलंत कसं?"

"ते म्हणाले, 'मॅडम, ह्या विषयाचा संस्थेला उपयोग काय?' मी म्हटलं, 'साहेब, खिडकी उघडून बघा. तुमच्याशी भांडायला आलेली तीन माणसं मघापासनं पहिल्या पायरीवर उभी आहेत. तिघंही हाच विषय शिकवतात.'"