दुसरा कानिफनाथ

भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात फिटर असलेला कानिफनाथ रोज संध्याकाळी वाचनालयात बसे. बहात्तर सालच्या एका दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेनं मात्र त्याचं डोकंच फिरवलं. कथेतला शास्त्रज्ञ मेलेल्या मुलाच्या कातडीच्या कणापासून हुबेहूब तसाच मुलगा पुन्हा घडवतो. वाचनालयात वाद पेटला, हे पाप की पराक्रम? कुणी बापाची बाजू घेतली. देवाची बाजू घ्यायला तर चौघं सरसावले. त्या नव्या पोराला काय वाटत असेल, हे एकालाही सुचलं नाही. लेखकालाही नाही.

कानिफनाथ तणतणत घरी निघाला. त्या पोराचं दुखणं त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याच्या जन्माआधी त्याचा थोरला भाऊ सहाव्या वर्षी तापानं गेला होता. हा झाला तेव्हा आईनं, रंगुबाईनं, ‘माझा कानिफ परत आला’ म्हणत तेच नाव ठेवलं, भावाचेच कपडे घातले आणि भावाला आवडायचे म्हणून आजवर गोड घारगे खाऊ घातले. याला गोड मुळीच सोसत नसे.

आजही ताटात घारगेच होते.

“खा, तुला लई आवडत्यात,” आई म्हणाली.

त्यानं ताट सारलं. “आई, ते त्याला आवडायचे. मला कधीच न्हाई आवडले. मी तो न्हाई.”

 रंगुबाई कौतुकानं हसली.

“तवाबी रुसलास की असंच ताट सारायचास.”