आबांचे पाच बदाम

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, मग सांगतो. माझ्या एका चांगल्या सवयीपायी पोटच्या पोरीचं लग्न मोडतंय असं वाटायची पाळी आली होती.

आमच्या रेवाने मुलगा स्वतःच पसंत केला. ओंकार, जामसंड्याचा. त्याचे आईवडील राजी, आम्ही राजी. घोडं अडलं होतं ते त्याच्या आजोबांपाशी. आबांनी उभी हयात बोटीवर काढली. तिथे ब्रिज शिकले आणि घरी येऊन मुलाला, सुनेला शिकवला. ओंकार तेवढा पत्त्यांना हात लावत नाही.

रेवा म्हणाली, "बाबा, आबा माणसाची पारख पत्त्यांवर करतत. तुमका ब्रिज येता मा?"

"माका? लहानपणापासून."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मसुऱ्यात जन्मभर मी खेळलो ती मेंढीकोट. मग काय, आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. बायको म्हणाली, "ह्यो अभ्यास दहावीत केलात असतो तर आज मामलेदार असतात."

त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. जोडीदार 'चार नोट्रम्प' म्हणाला की ती बोली नसते, प्रश्न असतो: तुझ्याकडे एक्के किती? उत्तरही आडूनच द्यायचं. पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन. एक्के पुरेसे निघाले तर स्लॅमचा विडा उचलायचा, म्हणजे सहाची बोली लावून तेरापैकी निदान बारा हात करून दाखवायचे. लग्नाच्या बोलणीसारखंच की हो, सरळ कोणी काही विचारतच नाही.

रविवारी जामसंड्याला जेवणं झाली आणि पत्ते निघाले. मी आणि आबा एका बाजूला, त्यांचा मुलगा-सून विरुद्ध बाजूला. बायको आणि रेवा सोफ्यावर. पहिले तीन-चार डाव मी गंभीर चेहऱ्याने 'पास' म्हणत काढले.

मग आबा म्हणाले, "एक बदाम." माझीही पानं बरी होती. मी म्हटलं, "तीन बदाम."

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चार नोट्रम्प."

नेमका पाठ केलेला प्रश्न पेपरात आला. मी एक्के मोजले. एक. पुन्हा मोजले, तरी एकच. ऐटीत म्हटलं, "पाच चौकट."

"पाच बदाम," आबा म्हणाले.

आता मला सांगा, आपल्याकडे रस्त्यात कोणी 'खंय चललात?' विचारलं की आपण 'बाजारात' म्हणतो, आणि मग विचारणारा आपलंही सांगतो, 'मी सोसायटीत.' ही रीत आहे, अंगवळणी पडलेली सवय. आबांनी माझे एक्के विचारले, आता आपले सांगतायत: दोन. केवढा सभ्य माणूस. त्यांचे दोन, माझा एक. बाहेर राहिला एकच.

"सहा बदाम," मी म्हटलं.

ओंकारच्या आईने शांतपणे "डबल" म्हटलं. म्हणजे, तुम्ही बुडताय. ब्रिजमध्ये तो रंग आधी बोलणारा खेळतो आणि पहिलं पान पडलं की त्याच्या जोडीदाराची पानं टेबलावर उघडी मांडतात. खेळणार आबा, मांडायची माझी. आबांनी आपली पानं बघितली, मग मला बघितलं.

"मी थांबा म्हटलंय," ते हळूच म्हणाले.

विचारणाऱ्याची पुढची बोली म्हणजे शेवटचा शब्द, हे त्या व्हिडिओत असणारच. पण नेमका तेव्हा गॅसवाला आला होता. आबांकडे एक्का एकच होता. उरलेले दोन्ही त्यांच्या सुनेकडे, एक इस्पिकचा, एक किलवरचा. दोन हात गेले की बुडालो. मी रेवाकडे बघितलं.

पहिलं पान ओंकारच्या वडिलांनी उतरायचं होतं. त्यांनी डोकं खाजवलं आणि उतरले चौकट. मग माझी पानं मांडली, तर त्यांत चौकटचीच रांग. आबांनी हुकूम काढून घेतले, हातातली इस्पिकं माझ्या चौकटवर फेकून दिली आणि एकच हात देऊन बारा केले.

"अवो, मी डबल केलंय ता चौकट उतरूक?" सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या. इस्पिकचा एक्का बिचारीच्या हातातच कुजला.

मी श्वास सोडतोय तोवर आबांनी विचारलं, "तुमी सहा खंयसून काढलात?"

'हिंमत केली' असं अगदी जिभेवर आलं होतं. पण रेवा बघत होती. "आबा, माका वाटला तुमी तुमचे एक्के सांगतात. माका ब्रिज येणा नाय. मेंढीकोट येता."

"ता माका म्हायत आसा. रेवान आठ दिसांपूर्वीच फोन करून सांगल्यान. लग्नाक होकार पण मी तेव्हाच दिलंय."

रेवा खिडकीबाहेर बघायला लागली. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग जरा रागही आला.

"मगे माका खेळूक बसवलात कित्याक?"

आबा पत्ते पिसत म्हणाले, "ब्रिजाक चार माणसां लागतत. चवथो खंय गावता हयसर?"