वहिनींची उजवी कूस

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि टेंभुर्णीच्या आमच्या घरात वहिनी आल्या. माझा डबा, माझे कपडे, ताप आला की कपाळावरची ओली पट्टी, सगळं त्यांनीच केलं. मी डॉक्टर होऊन जालन्यात दवाखाना टाकला, हृदय तपासायचं टूडी एकोचं मशीन आणलं, तेव्हा त्या मशीनला हळदकुंकूही त्यांनीच लावलं.

काही वर्षांनी त्याच मशीनशेजारच्या खाटेवर त्या तपासायला झोपल्या.

"भावजी, अंगणवाडीच्या पायऱ्या चढल्या की दम लागून राह्यला. परवा तर डोळ्यांपुढं अंधारीच आल्ती."

हृदयातून शरीराकडे रक्त निघतं तिथली त्यांची झडप पडद्यावर जाड दिसत होती, चुना साचल्यासारखी पांढरी. नीट उघडत नव्हती. ती किती अरुंद झाली आहे हे डॉप्लर सांगतो. एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चिरका लागतो, पुढे निघून गेली की तोच जाड होतो. डॉप्लरचं तत्त्व हेच. छातीवर टेकवायच्या प्रोबमधून कानाला न ऐकू येणारा आवाज निघतो, रक्तपेशींवर आपटून परत येतो, आणि तो किती बदलला यावरून रक्ताचा वेग कळतो. प्रोबकडे येणारं रक्त पडद्यावर लाल, लांब जाणारं निळं. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, तसं अरुंद झडपेतून रक्त वेगानं सुटतं. त्या वेगाचा वर्ग करून चारनं गुणलं की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो, रक्तदाब मोजतात त्याच मापात. सेकंदाला तीन मीटर असेल तर छत्तीस, पाच असेल तर शंभर. वेग चारच्या पुढे गेला आणि त्रासही होत असला, की झडप बदलायची वेळ आली समजायची.

मात्र प्रोब रक्ताच्या धारेच्या रेषेत हवा. तिरका पडला की वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून छातीवर दोन-तीन जागांहून बघायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. ही धार पुष्कळदा उजवीकडे झुकलेली असते. तेव्हा पेशंटला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या बाजूनं बघावं लागतं. मला हे शिकवलेलं होतं, आणि मी ते एरवी करतही होतो.

वहिनींच्या वेळी केलं नाही. त्यांनी पदर छातीवर घट्ट धरला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. मलाही वर बघवेना. डाव्या कुशीवरून कसाबसा एक आलेख घेतला. आकडा आला तीनच्या जरा वर. डोळ्यांना दिसत होतं की झडप इतकी खराब आहे, तर हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असणार. जालन्यातच एक डॉक्टरीणबाई एको करायच्या. त्यांना फोन करता आला असता. पण माझ्या घरचं माणूस दुसऱ्याकडे कशाला, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू.

"मध्यम आहे," मी म्हणालो. "वर्षभरानं परत बघू."

"बघा, मी म्हनत न्हवते? उगंच घाबरत होतात," असं त्या बाहेर बसलेल्या दादाला म्हणाल्या आणि खुशीत घरी गेल्या.

सात महिन्यांनी त्या अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना कोसळल्या. दादानं थेट संभाजीनगरला नेलं. मी पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई त्यांना म्हणत होत्या, "मावशी, आता उजव्या कुशीवर व्हा बरं." मी मागे उभा राहून पडद्याकडे बघत होतो. आकडा पाचच्या जवळ गेला.

झडप बदलली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण इतके महिने अरुंद वाटेतून रक्त ढकलून हृदय थकलं होतं. ते पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. वहिनींनी अंगणवाडीतलं काम सोडलं. दादा मात्र येईल-जाईल त्याला सांगायचा, "आमच्या भावानं आधीच वळखलं होतं." मी खाली मान घालून चहा प्यायचो.

शेवटी एका दुपारी, दादा शेतात गेलेला असताना, मी वहिनींना सगळं सांगितलं. कूस बदलायला सांगायचं राहिलं, ते का राहिलं, तेही.

त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला.

"तुम्ही म्हनले असते तर मी वळले असते की, भावजी," त्या म्हणाल्या. "लहानपणी तुम्हाला मीच आंघोळ घातली. तुमची कसली लाज?"

मग त्यांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दादाला मी अजून सांगितलेलं नाही.