पहिल्या दहा बेसवाल्यांची यादी

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या रद्दीच्या दुकानात मला एक जुनं विलायती मासिक मिळालं. त्यात रॉक आणि मेटलमधल्या वीस थोर बेसवादकांची क्रमवारी होती. विसाव्यापासून अकराव्यापर्यंत नावं होती. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं, बहुधा भेळेसाठी. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पहिले दहा आता आपल्यालाच ठरवावे लागणार, हे मी परतीच्या एसटीत कराड यायच्या आत नक्की केलं.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती गाण्याच्या तळाशी घुमत असते आणि बहुतेकांना ऐकू येत नाही. मला येते, असा माझा समज होता.

हॉस्टेलवर माझा खोलीदोस्त जतकडचा होता. घरी मेंढरं, थोडी ज्वारी, आणि वडील गावच्या जत्रेत ढोल वाजवायचे. सांगलीला येईपर्यंत त्यानं इंग्रजी गाणं ऐकलेलं नव्हतं. टेप त्याचा होता आणि कॅसेटी माझ्या, त्यामुळे आमचं जमलं. कॅसेटी माझा पुण्याचा मावसभाऊ भरून पाठवायचा. त्यांच्यावर तो फक्त ‘मेटल एक’, ‘मेटल दोन’ असं लिहायचा. मासिकात नावं होती पण आवाज नव्हता, कॅसेटींत आवाज होता पण नावं नव्हती.

मग नावं आम्हीच ठेवली. एक जण अंगठ्यानं तारा ठोकायचा, तो ‘सुतार’. एक जण सगळं गाणंभर एकच सूर फिरवत बसायचा, तो ‘जातं’. एक जण दर गाण्यात सगळ्यांच्या मागून यायचा, त्याला आम्ही ‘पाव्हणा’ म्हणायचो. गुण विद्यापीठाच्या पद्धतीनं द्यायचे ठरले : वेगाला साठ, जोराला चाळीस. प्लास्टिकच्या बादलीत आवाज फुटतो म्हणून मेसमधला तडा गेलेला माठ आणला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा ठेवला. माठात आवाज चांगला घुमायचा. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

पहिला नंबर ‘मेटल चार’मधल्या माणसाला होता. त्याच्याइतकं जाड, जड आणि तरीही चपळ मी कुणाचं ऐकलं नव्हतं. त्या कॅसेटवरचा गायक रेड्यासारखा हंबरायचा, पण मेटलमध्ये ते चालतं. मी त्याला अठ्ठ्याण्णव गुण दिले. शंभर कुणालाच द्यायचे नाहीत, हे मी आमच्या एका प्राध्यापकांकडून शिकलो होतो.

दोस्ताला ते पटलं नाही.

“आरं, ह्येच्या खाली आनखी कुनीतरी हाय,” तो म्हणाला.

“कुणी नाहीये. माठाचा आवाज आहे तो.”

“माठ तालात वाजत न्हाई गड्या.”

मी त्याला समजावून सांगितलं, की इंग्रजी संगीत ऐकायला सवय लागते. पुढचे तीन-चार महिने ती कॅसेट लागली की तो माठावर तळहात ठेवून बसायचा, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो.

शेवटी निवाडा करायला आम्ही एका जाणकाराकडे गेलो. हा माणूस मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायचा आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. सांगलीत खरा बेस हातात धरलेला आम्हाला ठाऊक असलेला हा एकटाच. एका रविवारी सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. मी कपाटावरून सोडवून आणलेली यादी पुढे केली. त्यानं ती दोन्ही बाजूंनी बघितली.

“कुनी केली?”

“मी,” मी म्हणालो. त्या वेळी मला दोस्ताचं नाव घ्यावंसं वाटलं नाही.

त्यानं ‘मेटल चार’ आपल्या टेपवर लावली. अर्धं गाणं झाल्यावर बंद केली.

“ही रेकॉर्डवरनं भरलीया. रेकॉर्ड मिनटाला पंचेचाळीस फेऱ्यांची हाय आन लावलीया तेहतीसवर. मंडपवाल्याकडं कामाला हुतो तवा एका लग्नात माझ्या हातनं ह्येच झालतं. बाई गात हुती, पन बाप्या वाटला. नवरीचा मामा मारायला उठला.”

“म्हणजे हा बेस…”

“बेस न्हवं ह्यो. साधी गिटार हाय, हळू लावल्यामुळं जाड झालीया. बेस तिच्या खाली हाय.”

दोस्तानं टेपमधून कॅसेट काढून घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी मावसभावाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं : प्लेअर मित्राच्या काकांचा होता, वेगाचा खटका कुठे होता ते माहीत नाही, मला वाटलं मेटल असंच असतं. अशा रीतीनं जगातला पहिल्या क्रमांकाचा बेसवादक गिटारवाला निघाला. मी यादी फाडून टाकली, पण दोस्ताची माफी मागितली नाही. महिनाभर त्याच्या वाटणीचं पाणी भरलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

त्या रविवारी निघताना हळदवाल्यानं दोस्ताच्या हातात बेस दिला होता. दोस्तानं एकच तार धरली आणि एकाच सुरावर पाच मिनिटं ठेका धरला. हळदवाला पाय हलवत ऐकत राहिला आणि म्हणाला, “दर रविवारी येत जा.” मला तो काही म्हणाला नाही. तरी मीही जायचो. बेस ऑर्केस्ट्राच्या तालमीला न्यावा लागायचा, आणि तो रिक्षात आडवा बसत नाही, दोघं लागतात.

पुढच्या गणपतीत पोतं पडून हळदवाल्याचं बोट चेंगरलं आणि त्यानं आपल्या जागी दोस्ताला उभं केलं. दहा दिवसांत दोस्तानं सगळ्या पेठांतून वाजवलं. चौथ्या दिवशी त्याचे वडील गावाकडून आले. संध्याकाळचा कार्यक्रम होता. फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि स्टेजच्या अगदी पुढं, स्पीकरच्या पेट्यांसमोर ते उभे राहिले. मी शेजारी होतो. मुलाच्या बेसचा आवाज कुठला ते त्यांना दाखवून द्यावं म्हणून मी वाकलो, तर ते आधीच मान डोलावत होते, बरोबर त्याच्याच ठेक्यावर.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, “लय काय वाजिवलं न्हाई त्येनं. पन चुकला न्हाई.”

मग त्यांनी मला विचारलं, “तुमी काय वाजिवता?”

“मी ऐकतो,” मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला.

“व्हय,” ते म्हणाले, “त्ये बी कुनीतरी पायजेलच की.”