आम्ही लग्नाला गेलो नव्हतो

मंडळी, घरी येऊन तासभर झाला, पण आईशी नजर मिळवता येत नाहीये.

आज सकाळी श्रीवर्धनहून एसटीने आईला महाडला घेऊन गेलो. आम्ही बौद्ध. चवदार तळं एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची इच्छा. सत्तरीत पहिल्यांदा निघालेली, पांढरी साडी कालच इस्त्री करून ठेवलेली.

घाटात तिला मळमळायला लागलं. शेजारच्या काकूंनी लगेच आवळासुपारी दिली आणि सहज विचारलं, "महाडात कुनाकडं चाललाव?"

आई बोलायच्या आत मीच म्हणालो, "लग्नाला."

अहो, त्यांनी आडनावसुद्धा विचारलं नव्हतं! ऑफिसात इतकी वर्षं लपवत आलोय, त्या सवयीने तोंडातून निघून गेलं.

महाडच्या अलीकडे डोंगरात बौद्ध लेणी दिसली. आईने जोडायला उचललेले हात माझ्याकडे बघून परत मांडीवर ठेवले.

तळ्याच्या पायरीवर मात्र ती पाण्यात हात घालून कितीतरी वेळ बसली. मला एका शब्दानेही बोलली नाही. वाटलं, विसरली.

परतीच्या गाडीत कंडक्टरने तिकीट फाडताना हसून विचारलं, "काय आजी, फिरलात का महाड?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाय बाबा, लग्नाला आलेलो."

म्हणून इथे, ऑफिसवाल्यांसकट सगळ्यांसमोर लिहितोय. आम्ही लग्नाला गेलो नव्हतो. चवदार तळ्यावर गेलो होतो.

आता एवढंच सांगा, हे आईला वाचून कसं दाखवू?