तह झाल्यावर

भाजलेल्या शेंगांचा वास आला की कॉव्हेंट्रीतली ती दुपार आठवते. टीव्हीवर काउबॉयचा जुना जर्मन सिनेमा लागला होता, इंग्लिशमध्ये डब केलेला. आईला इंग्लिश येत नसे, म्हणून शेंगा फोडत बाबा तिला एकेक वाक्य मराठीत सांगत होते. सकाळी हॉस्पिटलात बाबांच्या स्कॅनबद्दल डॉक्टर जे बोलले, तेही बाबांनीच तिला सांगितलं होतं, "काळजीचं काही नाही." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. सिनेमात गोऱ्यांचा आणि आदिवासी सरदाराचा तह झाला. पुढे सरदाराला गोळी लागते, हे बाबांना माहीत होतं. त्यांनी टीव्ही बंद केला. "अहो, मग?" "मग काय, सगळे सुखरूप घरी गेले." परवा, बाबांच्या माघारी, तोच सिनेमा लागला. तह होताच आईने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. "पुढचं ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तेव्हाही होतं."