आधी बसून बघणारा

आमच्या इंदूरला मल्हारगंजात सोफे दुरुस्त करणारा एक भिया आहे; इकडे भाऊला भियाच म्हणतात. नाव विचारायचं इतक्या वर्षांत राहूनच गेलं. कुणाच्याही घरी गेला की टेप नंतर काढतो, आधी डोळे मिटून प्रत्येक आसनावर बसून बघतो. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा मधूनच "हां... हां" करतो.

सुनेचे आईवडील पहिल्यांदाच यायचे होते, म्हणून मी त्याला बोलावलं. म्हटलं, सोफ्याला मोरपंखी मखमल लावून दे. त्यानं वरचं प्लास्टिक काढलं, खालची चादर काढली, तेव्हा कुठे कापड दिसलं. मग तिन्ही जागांवर बसून झालं.

"काकूजी, ह्याच्यावर बसतं कोण?"

"पाहुणे," मी ऐटीत सांगितलं.

"आणि तुम्ही?"

मी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची दाखवली. चौदा वर्षं मी त्याच खुर्चीवरून स्वतःच्या सोफ्याची राखण करतेय, हे तेव्हा लक्षात आलं.

तो हसला नाही, एवढे उपकार. "कपडा एकदम नवा आहे. मी नाही करणार हे काम."

"अरे भिया, व्याही येतायत! इज्जतीचा सवाल आहे."

त्यानं प्लास्टिक गुंडाळून काखेत मारलं. "आधी बसा तर खरं. कपडा घिसून झिजला की बोलवा," म्हणाला आणि हातचं काम सोडून चालता झाला.

व्याही आले. मीही सोफ्यावर बसले, पण अगदी कडेला, अंग चोरून. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "अहो, आरामात बसा ना. आपलंच घर समजा."